चार डिसेंबरची सकाळ आणि आपल्या भिंती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, जानेवारी २०२५. दहावी १९८६ च्या तुकडीच्या वतीने केलेलं भाषण.)



संयोजकांनी मला सांगितलं, वीस मिनिटं बोल आणि आठवणी सांग. पण आठवणी सकाळी पोह्यांबरोबरच इतक्या निघाल्या, की मी आता नवीन काय सांगणार? कोण कोणाच्या डब्यातले मोहाचे लाडू पळवायचा, हे एव्हाना सगळ्यांच्या घरच्यांनाही कळलं आहे. म्हणून मी एक विषय घेऊन आलो आहे. तेहतीस वर्षं सार्वजनिक बांधकाम खात्यात काढली. माझ्यासारख्याला बोलायला उभं केलं, तर तो भिंतींवरच बोलणार. तेवढं आज सहन करा.

गेल्या महिन्यातली ४ तारीख आठवा. बुधवार होता. सकाळचे ७ वाजून २७ मिनिटं. कोणाचा चहा व्हायचा होता, कोणी अंगणात शेकोटीजवळ बसलं होतं. आपल्या वर्गाच्या गटावर पहिला निरोप आला तो सिरोंच्याहून. "पलंग हालला बे. मांडणीवरचे भांडे वाजले." लगेच अहेरीहून, "आमच्याकडंबी." बल्लारपूरच्या मित्राने लिहिलं, "काही नाही, खाणीतलं ब्लास्टिंग असेल." त्याचं बरोबरच आहे, त्याच्या घराच्या काचा रोजच वाजतात. चंद्रपूरची आपली मैत्रीण चौथ्या मजल्यावर राहते. तिच्याकडे पंखा झुलला, आणि त्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या तिच्या दिराला पत्ताही नव्हता. नागपूरच्या गड्याला वाटलं, आपलं बीपी वाढलं. हैदराबादेत असलेल्याने लिहिलं, "इथे पण." आणि पुणेकर मंडळींनी विचारलं, "कशाबद्दल चाललंय?"

सर, तुम्ही आमच्या गटावर नाही म्हणून सांगतो. तुम्ही आम्हाला भूगोलात 'भूकंपनाभी आणि अपिकेंद्र यांतला फरक सांगा' असा दोन गुणांचा प्रश्न घालायचात. त्या सकाळी वीस मिनिटांत आमच्या वर्गाने भूकंपाचा अख्खा नकाशाच काढून दाखवला होता. जोरात कुठे, हळू कुठे, कुठे काहीच नाही, सगळं त्यात होतं.

नंतर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची माहिती आली. तेलंगणातला मुलुगू जिल्हा, तीव्रता ५.३, खोली ४० किलोमीटर. म्हणजे मेडारामच्या बाजूचं जंगल. सिरोंचा-अहेरीकडची कितीतरी माणसं दर दोन वर्षांनी सम्मक्का-सारक्काच्या जत्रेला जातात, तोच तो भाग. सिरोंच्यापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर आणि चंद्रपूरपासून दोनशेच्या जवळपास. कोणाचा जीव गेला नाही. दुपारपर्यंत गटावर या मेळाव्याच्या जेवणात वडाभात करायचा की नाही, यावर चर्चा सुरू झाली.

माझ्या मनातून मात्र तो धक्का गेला नाही. त्याचं कारण घरचं आहे, ते पुढे येईल. आधी जमिनीचं बोलू.

सरांनी आम्हाला भूकंप शिकवला तो बांबूच्या कमचीवर. वर्गात कमची आली की आमचे हात आपोआप मागे जायचे, पण त्या दिवशी सरांनी ती आमच्याच हातात दिली. म्हणाले, दोन्ही टोकं धरा आणि हळूहळू वाकवा. कमची वाकते, आणखी वाकते, आवाज करत नाही. मग एका क्षणी कडकन मोडते आणि दोन्ही हातांना झिणझिण्या येतात. खडकाचंही तेच होतं. आपला भारताचा भूपट्ट दर वर्षी साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो, जवळपास आपली नखं वाढतात त्या वेगाने. पुढे आशियाचा पट्ट आडवा आहे. त्या रेट्यात हिमालय उभा राहिला, आणि तोच रेटा मागे सगळ्या द्वीपकल्पात खडकांना वाकवत राहतो. खडक जिथे आधीच मोडलेला आहे, तिथे तो आधी सटकतो. त्या जुन्या मोडीला पुस्तकात प्रस्तरभंग म्हणतात. खडक सटकला की त्याच्या लहरी निघतात, आणि आपल्या हाताला आल्या तशा झिणझिण्या जमिनीला येतात.

आता प्रश्न असा, की हिमालय कुठे आणि आपण कुठे? आपल्या जंगलाखाली मोडलेला खडक आला कुठून?

त्याचं उत्तर आपल्या चुलीत होतं. आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी दगडी कोळशाच्या शेगड्या होत्या. हा कोळसा घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, दुर्गापूर इथे सापडतो आणि पुढे तेलंगणात सिंगरेणीपर्यंत एका लांबट पट्ट्यातच सापडतो. वर्धा, प्राणहिता, गोदावरी या नद्यांच्या बाजूने तो पट्टा जातो. कारण पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी या पट्ट्यातली जमीन दोन बाजूंच्या भेगांमध्ये हळूहळू खचत गेली. ही खचदरी. खचलेल्या जागी नद्या आल्या, गाळ साचला, त्या काळची जंगलं गाळाखाली गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. जमीन खचली नसती तर ती झाडं कुजून वाहून गेली असती आणि चंद्रपूरला ना खाणी असत्या ना वीजकेंद्र. वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याला आणि सिरोंच्याजवळच्या वडधमला जीवाश्म निघाले, तेही अशाच जुन्या गाळांच्या थरांत. जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला गोंडवन खंड म्हणतात, ते नाव आपल्याच गोंडांच्या मुलखावरून घेतलेलं आहे. आपल्या मुलांना हे अभिमानाने सांगा.

ज्या भेगांच्या मधली जमीन खचून आपल्याला कोळसा मिळाला, त्या भेगा अजून तिथेच आहेत. १३ एप्रिल १९६९ ला भद्राचलमजवळ ५.७ तीव्रतेचा धक्का बसला, तो याच गोदावरी खोऱ्यात. चार डिसेंबरचा मुलुगूचाही याच खोऱ्यातला. वर उत्तरेला नर्मदेच्या बाजूने असाच दुसरा जुना पट्टा आहे. तिथे २२ मे १९९७ ला जबलपूर हादरलं आणि चाळिसेक माणसं गेली. आपण या दोन पट्ट्यांच्या आसपास राहतो.

हे घाबरवायला सांगत नाही. असे धक्के एका आयुष्यात एक-दोनदा येतात, आणि बहुतेक वेळा भांडी वाजण्यावर निभावतं. शिवाय आपल्याकडे जमीन हलली म्हणजे भूकंपच, असंही नाही. उघड्या खाणीतल्या सुरुंगाने घर थरथरतं ते वेगळं. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं, ते खालच्या जुन्या खाणीच्या पोकळीमुळे. तेही वेगळं. धरणाचंही लोक विचारतात. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, दोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाचं पाणी साठल्यानंतर तिथे धक्के सुरू झाले आणि अजूनही येतात, म्हणून जगातले शास्त्रज्ञ कोयनेला अभ्यासाला येतात. पण कोयनेचे धक्के उथळ असतात आणि मुलुगूचा ४० किलोमीटर खोल होता. त्यामुळे कोयनेवरून आपल्याकडच्या प्रत्येक बंधाऱ्यावर बोट ठेवायची घाई करू नये. आणि 'आज रात्री मोठा भूकंप येणार' असा निरोप कोणी पाठवला, तर तो पुढे न पाठवता खोडून टाका. दिवस आणि वेळ सांगून भूकंपाचं भाकीत करणं आजपर्यंत कोणालाही जमलेलं नाही.

आता माझ्या नोकरीतली गोष्ट सांगतो.

१९९१ ला मी कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो. दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याला सगळ्यांना ती सकाळ आठवत असेल. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपली होती आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ ही नावं तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मृतांचा आकडा वेगवेगळा सांगतात, आठ ते दहा हजारांच्या मधला. तीव्रता ६.२ ते ६.४. पुनर्वसनाच्या कामावर आम्हा काही तरुण अभियंत्यांना १९९४ मध्ये औशाकडे पाठवलं.

मी जाताना कोड पुस्तकं घेऊन गेलो होतो. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात देशाचे पाच विभाग होते, पहिला सगळ्यांत सुरक्षित आणि पाचवा सगळ्यांत धोक्याचा. किल्लारी पहिल्या विभागात होती. आम्हाला पदविकेत शिकवलं होतं, की दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, अभेद्य खडक. पुढे किल्लारीला भोक पाडून पाहिलं, तर काळ्या दगडाचा थर साडेतीनशे मीटरच्याही आतच संपला. त्याखाली फार जुना खडक होता, आणि अशा जुन्या खडकात जुन्या भेगा असतात. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात, तिथे लहान लहान धक्के येऊन गेले होते. २००२ मध्ये नवा नकाशा निघाला तेव्हा त्यातून तो 'सुरक्षित' पहिला विभागच काढून टाकला. हजारो जीव गेल्यावर नकाशावरचा एक रंग पुसला गेला.

पण मला त्याहून मोठा धडा मिळाला तो भिंतींनी दिला. त्या भागातली जुनी घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये माती. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मध्ये बारीकसारीक दगड भरलेले. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार जोडदगड क्वचितच असायचा. वर लाकडी तुळया आणि त्यांवर दीड-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा, म्हणून लोकांना ते घर प्रिय. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर आणखी माती टाकायची, म्हणजे दर वर्षी डोक्यावरचं ओझं वाढत जायचं. जमीन काही सेकंदच हलली, पण तेवढ्यात भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वरची माती खाली आली. कितीतरी घरांत लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या, आणि माणसं मात्र दगडमातीखाली होती.

एक आजोबा रोज आमच्या मोजणीच्या जागी येऊन बसायचे. त्यांना तात्पुरती पत्र्याची खोली मिळाली होती, पण ते रात्री बाहेर बाज टाकून झोपायचे. पाऊस असला तरी. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आत डोळा लागत न्हाई सायेब. डोळा लागला की वरलं खाली येतंय." त्यांच्या घरात सहा माणसं होती, ते एकटे राहिले. मी तेव्हा पंचविशीतही नव्हतो. मला काय बोलावं ते सुचलं नाही. मी त्यांना म्हणालो, "नवीन घर भक्कम असेल, आजोबा." ते म्हणाले, "आधीचंबी भक्कमच होतं की."

हे वाक्य मी विसरलो नाही. जाड म्हणजे भक्कम, जड म्हणजे भक्कम, असं आपण सगळेच समजतो. पण भूकंपात जमीन भिंतीला आडवी ढकलते, आणि भिंत जितकी जड तितका तिच्यावर तो धक्का मोठा. तिथे भक्कम म्हणजे बांधलेली भिंत. चार भिंती एकमेकींना धरून असल्या पाहिजेत, दोरीने बांधलेल्या मोळीसारख्या. सुटं लाकूड ढकललं की पडतं, मोळी पडत नाही. म्हणून जोत्यावर एक, दारं-खिडक्यांच्या वर एक आणि छताखाली एक असा काँक्रीटचा सलग पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवायचा आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या घालायच्या. एवढंच. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली आणि इतर हजारो घरं दुरुस्त झाली, त्या कामाचं सार याच पट्ट्यांत होतं.

कोणी म्हणेल, हे जुन्या खेडेगावाचं झालं, शहरात सिमेंटची घरं आहेत. तर २६ जानेवारी २००१ आठवा. भूकंप कच्छमध्ये, तीव्रता ७.७. तिथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकांमध्ये खाली गाड्या ठेवायला मोकळी जागा होती, म्हणजे नुसते खांब, भिंती नाहीत. वर चार-पाच मजल्यांचं ओझं आणि खाली काटकुळे पाय. चंद्रपूर, गडचिरोली, वडसा, ब्रह्मपुरी, आता जिकडे बघावं तिकडे तसल्याच इमारती उठताहेत. तुमच्यापैकी ज्यांनी घर घेतलंय किंवा घ्यायचंय, त्यांनी फरशीचा रंग नंतर बघा. खालच्या खांबांची जाडी आधी विचारा. खांबातल्या रिंगा किती जवळ आहेत आणि त्यांचे हूक आत वळवलेत की नाही, हे सेंट्रिंग असतानाच बघा. नंतर दिसत नाही. आणि काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारलंच पाहिजे, मिस्त्री कितीही म्हणाला 'झालं साहेब' तरी.

आता घरचं.

आपण सगळे कुडाच्या घरात वाढलो. बांबूच्या कमच्या विणायच्या, दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायचं, लाकडी खांब, लाकडी मयाल, वर कवेलू. पोळा-दिवाळीला आई-आजी भिंत सारवायच्या आणि पावसाळ्यात ती मागून भिजून आतला बांबू दिसायचा. त्या घराची आपल्याला लाज वाटायची. पण अभियंता म्हणून सांगतो, भूकंपाच्या दृष्टीने ते घर माळवदापेक्षा कितीतरी बरं. हलकं, लवचीक. हललं तर माती झडेल, चार कवेलू पडतील, डोक्याला खोक पडेल, पण माणूस गाडला जाणार नाही. त्याला वाळवी लागते, आग लागते, साप शिरतो, दर वर्षी डागडुजी लागते, म्हणून ते सोडलं यात काही चूक नाही. चूक पुढे झाली. आपण हलकं घर सोडून जड घर बांधलं आणि त्याला बांधून ठेवलं नाही.

हे दुसऱ्याचं सांगत नाही. १९९८ मध्ये मी गावातलं आमचं कुडाचं घर पाडून आईसाठी विटांचं, स्लॅबचं घर बांधलं. बहिणीचं लग्न त्याच वर्षी होतं, पैसा ओढाताणीचा. मिस्त्री म्हणाला, "साहेब, खिडकीपुरते लिंटेल टाकू, सगळ्या भिंतीवरून पट्टा कशाला? इथं कुठं भूकंप येते?" आणि मी, ज्याने चार वर्षांपूर्वी औशाला दुसऱ्यांच्या शेकडो घरांवर पट्टे टाकून घेतले होते, तो मी म्हणालो, "ठीक आहे." तेवढ्यात वाचले किती, तर काही पोती सिमेंट आणि थोडी सळई.

चार डिसेंबरला गटावर सगळे गमतीचे निरोप टाकत होते, तेव्हा मी आईला फोन लावत होतो. तिने तो चौथ्या वेळी उचलला. वय ८२. म्हणाली, "काही नाही रे बाप्पा, भिंतीवरचं घड्याळ हाललं अन् तुझ्या बाबांचा फोटो वाकडा झाला. खिडकीच्या वरतं थोडीशी चीर दिसते. बुजवून देईन मी मातीनं." त्या रविवारी गावी गेलो. खिडकीच्या कोपऱ्यातून वर स्लॅबपर्यंत तिरपी चीर गेली होती. नखाएवढी बारीक. पट्टा असता तर ती तिथे अडली असती. आई म्हणाली, "कुडाच्या घरात असं दिसत नव्हतं, लगेच सारवून टाकत होतो." मी त्या चिरेसमोर उभा राहिलो आणि मला औशाचे आजोबा आठवले.

आता हिशेब बघा. मुलुगूचा धक्का ५.३ चा, ४० किलोमीटर खोल. किल्लारीचा ६.२ च्या वरचा आणि दहा किलोमीटरच्याही आत. आकड्यात फरक एकाच्या आसपासच, पण या मापात एक अंक वाढला की ऊर्जा बत्तीस पटींच्या आसपास वाढते. म्हणजे किल्लारीची ऊर्जा मुलुगूच्या निदान वीस पट, आणि तीही थेट पायाखाली. आमच्या घराला चीर पडली ती भूकंपाच्या शेजारून जाणाऱ्या झुळुकीने. घराची दुरुस्ती मी फेब्रुवारीत करतो आहे. चारही भिंतींना, आतून-बाहेरून, खिडक्यांच्या वर वेल्डेड जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा. किल्लारीनंतर उभ्या राहिलेल्या घरांच्या दुरुस्तीत हेच तत्त्व वापरतात, त्यासाठी घर पाडावं लागत नाही.

आणि यावरून मी आपल्या शाळेकडे येतो. माझं खरं बोलणं एवढंच आहे, बाकी प्रस्तावना होती.

आज सकाळी आपण सगळे आपल्या जुन्या वर्गात जाऊन बसलो, फोटो काढले. तुम्ही बाकांवर कोरलेली नावं शोधत होता, मी कोपरे बघत होतो. सवय वाईट. जुन्या ओळीतल्या खोल्यांच्या भिंती जाड आहेत, चांगल्या बांधलेल्या आहेत, बांधणाऱ्यांनी त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे मनापासून काम केलेलं आहे. पण त्यांना पट्टा नाही, आणि शेवटच्या खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटू लागल्या आहेत. यात कोणाचा दोष नाही. पण आज त्या खोलीत पाचवीची मुलं बसतात.

कच्छच्या भूकंपाचा दिवस प्रजासत्ताक दिनाचा होता. अंजार गावात शाळेची मुलं आणि शिक्षक प्रभातफेरीत निघाले होते. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंची घरं कोसळली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. तिथे आता त्यांचं स्मारक आहे. त्या वेळी आपल्याही गावात, याच पटांगणावर, झेंडावंदन चाललं होतं.

आणि दुसरी गोष्ट, चीनमधली. सिचुआन प्रांतात सांगझाओ म्हणून एक गाव आहे. तिथल्या माध्यमिक शाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापक ये झिपिंग. त्यांच्या शाळेची एक इमारत कच्ची बांधलेली आहे, हे त्यांना कळलं. त्यांनी वर्षानुवर्षं वरिष्ठांकडे पैसे मागत, थोडं थोडं करत, ती भक्कम करून घेतली. इमारत बांधायला जितका खर्च आला होता, त्याच्या दुपटीहून जास्त दुरुस्तीला लागला. शिवाय ठरावीक काळाने सगळ्या मुलांना बाहेर पडायचा सराव द्यायचे, कोणत्या वर्गाने कोणत्या जिन्याने उतरायचं हेही ठरलेलं. लोक हसत असतील. १२ मे २००८ ला तिथे ७.९ चा भूकंप झाला. आजूबाजूच्या कितीतरी शाळा मुलांसकट कोसळल्या. या शाळेतली २,३०० हून जास्त मुलं-शिक्षक एक मिनिट छत्तीस सेकंदांत मैदानावर उभी होती. एकही जीव गेला नाही.

आपल्या तुकडीने शाळेला एक प्रवेशद्वार, मोठी कमान, भेट द्यायचं ठरवलं आहे. अंदाजपत्रक मीच तयार केलं, त्यामुळे मला ते पाठ आहे. कमान सुंदर होईल, तिच्यावर आपली नावं असतील. पण मी आज सगळ्यांसमोर विनंती करतो, की आपण आधी त्या पैशातून शाळेच्या जुन्या खोल्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेऊ. मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून, माझ्याकडून नाही. मी माजी विद्यार्थी आहे, मला शाळा भक्कमच दिसणार. मग तो सांगेल तिथे पट्टे टाकू, कोपरे बांधू. कपाटं भिंतीला पक्की करू. वर्गांची दारं बाहेर उघडतील अशी लावू. आणि वर्षातून दोनदा सराव: हलायला लागलं की मुलांनी बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, बाकाचा पाय घट्ट धरायचा, हलणं थांबलं की रांगेने पटांगणात. मुख्याध्यापकांशी माझं सकाळी बोलणं झालं आहे. त्यांना हे हवं आहे, फक्त त्यासाठी निधी नाही.

उरलेल्या पैशात कमान होईल की नाही, सांगता येत नाही. बहुतेक होणार नाही. आपली नावं कुठे लागणार नाहीत, कारण पट्ट्यावर गिलावा होतो आणि गिलाव्यावर चुना. तीस वर्षांनी इथे मेळावा भरेल तेव्हा मुलं म्हणतील, १९८६ च्या तुकडीने शाळेला काहीच दिलं नाही. म्हणू देत.

सर, तुम्ही कमची मोडायला लावली होती त्या दिवशी शेवटी एक काम दिलं होतं. सात-आठ कमच्या सुतळीने एकत्र बांधा आणि आता वाकवा. वर्गातल्या सगळ्यांत दांडग्या पोरालाही ती मोडता आली नव्हती. आज तो पोरगा पहिल्या रांगेत बसला आहे आणि मान डोलावतो आहे. माझी विनंती तेवढीच आहे.

मत द्यायचं ते जेवणाआधी द्या. वडाभात खाल्ल्यावर आपल्या लोकांकडून कोणताही निर्णय होत नाही.